कोणती परीक्षा द्यायची, ते विनयाताईंना विचारा

विनयाताईंची आणि माझी पहिली ओळख झाली, ती मी त्यांची चौकशी करायला गेले तेव्हा. आमची थोरली नात हेमा शेतकीची पदवी घेऊन घरी आली होती आणि दिवसाआड साखरशेतहून जीपने जव्हारला जायची. कुठे जातेस विचारले, तर म्हणायची, "फ्रेंच शिकायला." मुलीने खोटे सांगायला एवढे लांबचे कारण शोधलेले मी माझ्या जन्मात पाहिले नव्हते. म्हणून एका बाजाराच्या दिवशी मी तिच्यामागून जव्हारला गेले.

बाजारामागच्या गल्लीत एक बैठे घर होते. पुढे ओटा, ओट्यावर चपलांची रांग, आणि आतून सगळी पोरे एका सुरात नाकातून बोलत होती. मला वाटले, सर्दी-पडशाचा दवाखाना असावा. मी ओट्यावर टेकले. थोड्या वेळाने पांढऱ्या केसांच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या एक बाई बाहेर आल्या.

"आजी, उन्हात का बसलात? आत या."

"आत नको. माझी नात इथे काय करते, एवढेच बघायला आले."

"कोणती नात?"

"हेमा."

"हेमा होय! फार हट्टी आहे हो. वाक्य चुकलं तरी थांबत नाही, शेवटपर्यंत चुकीचंच म्हणते."

"मग ती आमचीच," मी म्हटले. "शिकवा."

त्यांनी मला कोरा चहा दिला, त्यात गवती चहा होता. मी तो बशीत ओतून प्यायले, तशा त्याही बशीत ओतून प्यायल्या. त्या रोज तशा पितात की माझ्यासाठी प्यायल्या, हे मी अजून विचारलेले नाही.

आज त्या विनयाताईंना पंचाहत्तरावे वर्ष लागले आहे. माझे वय कोणी लिहून ठेवले नाही, त्यामुळे थोरली कोण, हा आमचा वाद मिटलेला नाही. तोवर त्या मला आजी म्हणतात आणि मी त्यांना बाई म्हणते. त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा गौरवग्रंथ काढायचे ठरवले आणि मला म्हणाले, तुम्हीही दोन शब्द द्या. माझे शब्द दोनांत मावत नाहीत, हे ठाऊक असून म्हणाले. मी सांगते आहे आणि माझी सून सुनंदा लिहून घेते आहे. सुनंदा अंगणवाडीत शिकवते आणि माझी भाषाही मध्येमध्ये सुधारते. जे वाक्य फार शहाणे वाटेल, ते तिचे समजावे.

विनयाताईंनी सगळी नोकरी मुंबईच्या एका कॉलेजात फ्रेंच शिकवण्यात काढली. निवृत्तीनंतर हवापालट म्हणून त्या जव्हारला आल्या. एक पावसाळा राहून बघू म्हणाल्या, आणि राहिल्या. इथल्या लोकांना प्रश्न पडला, की या डोंगरात फ्रेंच कोणाला हवी? घरात आम्ही एक बोली बोलतो, शाळेत मराठी शिकतो, ठाण्या-मुंबईकडे कामाला गेलो की हिंदी उचलतो. बाई म्हणाल्या, "ज्यांना तीन भाषा येतात त्यांना चौथी जड जात नाही. अवघड जातं ते एकच भाषा येणाऱ्याला." हे ऐकून आमच्या पोरांची छाती फुगली, आणि वर्ग भरला.

पण त्यांचे खरे काम शिकवण्याच्या आधी सुरू होते. वर्गात नवीन आलेला मुलगा किंवा मुलगी पहिल्याच दिवशी विचारते, "बाई, परीक्षा कोणती देऊ? सगळ्यात मोठी कोणती?" त्यावर बाई विचारतात, "कागद कोण मागतंय?" याचे उत्तर आल्याशिवाय त्या परीक्षेचे नावही घेत नाहीत.

मोखाड्याचा संतोष हॉटेलात आचारी होता. त्याचा मावसभाऊ कॅनडात आहे, म्हणून यालाही तिकडे जायचे होते, आणि तिथे फ्रेंच येणाऱ्याला झुकते माप मिळते. तो डेल्फ नावाच्या परीक्षेला बसायला निघाला होता, कारण ओळखीतल्या सगळ्यांनी तीच दिली होती. बाईंनी त्याला थांबवले. म्हणाल्या, "डेल्फ चांगली आहे. एकदा पास झालास की कागद जन्मभर टिकतो. पण तुला ज्या रस्त्याने कॅनडात जायचंय, तिथले अधिकारी तो कागद बघणारसुद्धा नाहीत. त्यांना टीईएफ किंवा टीसीएफ ही परीक्षा लागते, आणि तीही खास कॅनडासाठी असते ती. तिचा निकाल दोन वर्षांनी बाद होतो. म्हणून तीही आज देऊ नकोस. बाकीचे कागद तयार होत आले की दे."

संतोष हिरमुसला. मी ओट्यावर बसून ऐकत होते. मी त्याला म्हटले, "अरे, राबात भाताचे रोप तयार झाले आणि शेतात चिखल नसेल, तर रोप म्हातारे होते. मग ते लावून काय उपयोग?" बाई म्हणाल्या, "आजी, उद्यापासून तुम्हीच शिकवा." मी म्हटले, "मला नाकातून बोलता येत नाही."

जामसरच्या एका मुलीला तर बाईंनी परीक्षेलाच बसू दिले नाही. तिची मैत्रीण बसते म्हणून हिला बसायचे होते. कागद कोण मागतंय विचारल्यावर तिने पुन्हा मैत्रिणीचेच नाव सांगितले. "कोणी मागत नाही ना? मग परीक्षा नको. नुसती भाषा शीक, मजा येते," असे म्हणून बाईंनी तिला गोष्टीचे पुस्तक दिले. ती अजून येते आणि ओट्यावर बसून वाचता वाचता एकटीच हसते. मला ते जरा बरे दिसत नाही, पण बाईंना फार आवडते.

आता हेमाचे सांगते, कारण विनयाताई माझ्या घरी कशा आल्या, ते त्यातच आहे.

हेमाला फ्रान्समध्ये जाऊन मातीचा अभ्यास करायचा होता. मी म्हटले, माती आपल्याकडे काय कमी आहे? पण तिने ठरवले होते. तिकडच्या एका विद्यापीठाने तिला जागा देऊ केली, मात्र एक अट घातली. शिकवणे फ्रेंचमध्ये आहे, तेव्हा बी-टू म्हणतात त्या पातळीपर्यंत भाषा येते असा कागद उन्हाळा संपायच्या आत द्या, नाही तर जागा दुसऱ्याला जाईल. लगेच घरात सल्ल्यांचा पाऊस पडला. ठाण्याच्या एका क्लासवाल्याने फोनवर सांगितले, बी-टू कशाला, त्याच्या वरची डाल्फ द्या, वजन पडेल. हेमालाही ते पटले. बाई म्हणाल्या, "वरच्या परीक्षेत पडलीस तर खालचा कागद कोणी हातात देत नाही. त्यांनी बी-टू मागितलंय ना, मग बी-टूच दे." म्हणून हेमा दिवाळीनंतर मुंबईला जाऊन डेल्फच्या बी-टूला बसली आणि नापास झाली.

ऐकणे, वाचणे, लिहिणे, तिन्ही चांगले होते. बोलण्यात मात्र इतके कमी गुण, की बाकीच्या तिन्हींचा उपयोग झाला नाही. हेमा घरी येऊन गाईच्या गोठ्यात जाऊन बसली. बाईंनी फोन केला, तो तिने घेतला नाही. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः जीपने साखरशेतला आल्या. त्यांचा गुडघा दुखतो आणि आमचा रस्ता असा, की चांगला गुडघाही दुखायला लागतो. खळ्यावर नागली, म्हणजे तुमची नाचणी, झोडायचे काम चालले होते. आम्ही खाट टाकली. बाईंनी पाणी घेतले आणि हेमाला समोर बसवले.

"त्या खोलीत काय झालं, ते जसंच्या तसं सांग."

हेमाने सांगितले. शाळेत मुलांकडे मोबाइल असावा का, असा विषय आला होता. असावा, असे हिने नीट मांडले. समोर परीक्षा घ्यायला एक बाई होत्या, पिकल्या केसांच्या, विनयाताईंच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, पण मोबाइलने मुलांचे लक्ष उडते, नाही का?

"मग तू काय म्हणालीस?"

"होय मॅडम, बरोबर आहे."

"मग?"

"त्या म्हणाल्या, मग तुमच्या मताचं काय? मी म्हटलं, ते चुकलं असेल."

"आणि मग?"

"मग त्या गप्प बसल्या. मीपण."

विनयाताईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "अगं, त्या तुला वाद घालायला बोलावत होत्या. आडवं जाणं हेच त्यांचं काम. तू टिकतेस का, ते त्यांना बघायचं होतं."

"ठाऊक होतं मला. तुम्ही शिकवलं होतं. पण समोर म्हातारं माणूस. तोंडातून निघेचना."

यात पोरीचा दोष नाही. आमच्या पाड्यात थोरल्याचे बोलणे धाकट्याने तोंडावर तोडायचे नसते. पटले नाही तर मान खाली घालायची, होय म्हणायचे, आणि मागाहून आपल्याला करायचे तेच करायचे. या रीतीने आमची घरे आजवर शांत राहिली आहेत आणि कोणी कोणाचे ऐकलेले नाही. पण परीक्षेत 'मागाहून' नसते. जे काय ते त्याच खोलीत.

आता उन्हाळा संपायच्या आत एकदाच बसता येणार होते. ठाण्याच्या क्लासवाल्याने आता नवीन सांगितले, टीसीएफ द्या. विनयाताईंनी ते झिडकारले नाही. त्यांनी दोन्ही बाजू मांडल्या. विद्यापीठाला दोन्ही कागद चालतात, हे त्यांनी आधी पक्के करून घेतले होते. टीसीएफमध्ये पास-नापास नाही. जेवढी भाषा येते तेवढी पातळी लिहून देतात. तिथे बोलण्यात वाद इतका रंगत नाही. कागद दोन वर्षेच टिकतो, पण हेमाला तो लगेचच लागणार होता, तेव्हा ते चालण्यासारखे होते. मात्र बोलण्यात ती पुन्हा गप्प झाली, तर पातळी एक पायरी खाली येईल, आणि तो कागद त्यांना चालणार नाही.

मी मध्ये पडले. "त्यात विचार कसला? टीसीएफच दे. नापास नाही, भांडण नाही. ठरलं."

हेमा मान खाली घालून नागलीकडे बघत बसली.

"हेमा, तुला काय वाटतं?" बाईंनी विचारले.

"आजी म्हणते तेच."

"आजी काय म्हणतात ते मी ऐकलं. मला कान आहेत. तुला काय वाटतं?"

तिने नागलीचे एक कणीस उचलून तळहातावर चोळले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाही आजी."

सुनंदाच्या हातातले सूप थांबले.

"काय नाही?"

"टीसीएफ नाही. भांडण टाळून मी तिथे पोचले, तरी वर्गात रोज कोणीतरी आडवं जाणार. रोज मान खाली घालू? मला डेल्फच द्यायची आहे. जिथे पडले तिथेच."

"कोणाशी बोलतेस, कळतंय ना तुला?"

"कळतंय. तरी म्हणतेय."

विनयाताईंनी खाटेवर हात आपटला. "झालं! हेच त्या खोलीत हवं होतं!" आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आजी, आता शिमग्यापर्यंत तुम्हाला काम आहे. हिच्याशी भांडायचं."

मी म्हटले, "बाई, एवढ्यासाठी मला शिमग्याची मुदत कशाला?"

तेव्हापासून दर रविवारी विनयाताई आमच्या खळ्यावर येऊ लागल्या. मी आमच्या बोलीत भांडायचे, हेमा फ्रेंचमध्ये उलटून बोलायची, आणि बाई मध्ये बसून मला राग येईल एवढेच भाषांतर करायच्या. सुरुवातीला पोरगी दोन वाक्यांत विझायची. तेव्हा बाईंनी तिला फ्रेंच माणसाची रीत दाखवली. तोही थोरल्याला एकदम तोडत नाही. आधी म्हणतो, तुमचे म्हणणे मला समजते, त्यात तथ्य आहे. मग म्हणतो, पण. मी म्हटले, "म्हणजे पाहुण्याला आधी पाणी द्यायचे आणि मग हाकलायचे." बाई म्हणाल्या, "अगदी तसंच." त्या दिवसापासून हेमा सुटली. आधी पाणी, मग हाकलणे. नागली विकावी की घरी ठेवावी, टीव्ही असावा की नसावा, सुनेने सासूचे ऐकावे की नाही. या शेवटच्या विषयात सुनंदाही मराठीतून उतरली, तिला कोणी बोलावले नव्हते.

मग एका रविवारी बाईंनी विषय दिला, तरुणांनी गाव सोडून जावे का? मी म्हटले, जाऊ नये. इथली माती कोण बघणार? म्हाताऱ्यांना दुखले-खुपले तर कोण उठवणार? शिकलेली माणसे निघून जातात आणि गावात राहतात ती माझ्यासारखी, ज्यांना मोबाइलवरचे नावही वाचता येत नाही. मी बोलत राहिले. हेमा उत्तर द्यायला उभी राहिली आणि रडायला लागली.

विनयाताईंनी तिला विहिरीवर पाठवले. मग खाटेवरून उठून माझ्याजवळ जमिनीवर बसल्या, दुखऱ्या गुडघ्यासकट. हळू आवाजात म्हणाल्या, "आजी, हे तुम्ही खेळात नाही बोललात."

"नाही."

"विषय बदलू का? दुसरे पुष्कळ आहेत."

मी म्हटले, "बदलू नका. या विषयात ती माझ्यापुढे उभी राहिली, तर कोणापुढेही राहील."

बाईंनी माझा हात धरला. मला समजावले नाही, की ती परत येईल, काळजी करू नका. जे आपल्या हातात नाही, ते त्या कोणालाच सांगत नाहीत. हा त्यांचा गुण मला सगळ्यांत मोठा वाटतो, आणि तो फ्रेंचमधून आलेला नसावा.

हेमा हंडा घेऊन आली. मी पुन्हा म्हटले, जाऊ नये. तिने डोळे पुसले आणि बोलायला लागली. बाईंनी त्या दिवशी सगळे भाषांतर केले. ती म्हणत होती, आजीचे म्हणणे मला समजते, तिला एकटे वाटेल हे खरे आहे. पण मी घाबरून इथे राहिले, तर रोज तिच्यावरच राग काढीन. मी परत येण्याचे वचन देऊन जाणार नाही. मला जायचे आहे, म्हणून जाणार आहे. मी आडवी गेले, ती टिकली. पुन्हा आडवी गेले, पुन्हा टिकली. शेवटी मी म्हटले, "बास. भाकरी थापायची आहे." विनयाताई म्हणाल्या, "आजी हरल्या." हरले ते ठीक आहे, पण ते मोठ्याने सांगायची गरज नव्हती.

शिमग्यानंतर हेमा परीक्षेला गेली. दार उघडून आत बघते, तर पुन्हा त्याच पिकल्या केसांच्या बाई. विषय निघाला, म्हाताऱ्यांची काळजी सरकारने घ्यावी की घरच्यांनी. त्या बाई तीनतीनदा आडव्या गेल्या, आणि आमच्या पोरीने तीनतीनदा पाणी देऊन त्यांना हाकलले. बोलणे संपले, ही उठली, आणि सवयीने वाकून त्यांच्या पाया पडली. त्या बाई दचकून खुर्चीत मागे सरल्या म्हणे. हे ऐकून विनयाताई इतक्या हसल्या, की त्यांचा चष्मा चहात पडला. हेमा मात्र घाबरली होती, पाया पडल्याचे गुण कापले तर? बाई म्हणाल्या, "वाद घालून पाया पडणं, हे त्यांना कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही."

निकाल आला तेव्हा आम्ही राब भाजायला पालापाचोळा जमवत होतो. हेमा बांधावरून धावत आली, पण आधी तिने जव्हारला फोन लावला. बाई पलीकडून काय म्हणाल्या, ते ऐकू आले नाही. पोरीचे तोंड पाहिले आणि मी पाल्याचा भारा खाली ठेवला.

आता हेमा तिकडे आहे. फोनवर सांगते, वर्गात एक मास्तर सारखे आडवे जातात, मला मजा येते. मला तिचे घर, तिची खोली, तिथली माती फोनमध्ये दिसते. माती काळी आहे, बरी आहे. ती कधी येईल, ते तिने सांगितलेले नाही, आणि मी विचारलेले नाही. विनयाताईंच्या ओट्यावर मात्र चपलांची रांग वाढली आहे. आता वांगणीचीही दोन पोरे येतात.

मोठी माणसे अशा लेखाच्या शेवटी आयुष्य मागतात. मी मागणार नाही, अट घालणार आहे. आमच्याकडे दूरवरून आलेले माणूस आधी आपल्या घरच्या चुलीपुढे येते, थोरल्यांच्या पाया पडते, आणि मग बाकीची घरे. हेमा येईल तेव्हा एसटी तिला जव्हारला उतरवील. त्या दिवशी तिने आधी बाजारामागच्या गल्लीत जावे, विनयाताईंच्या पाया पडावे, त्यांच्याशी पोटभर भांडावे, आणि मग साखरशेतची जीप धरावी, असे मी तिला सांगितले आहे. पहिला मान मी सोडला आहे, आणि मी मान सहसा सोडत नाही, हे सुनंदा लिहिता लिहिता मान डोलावून सांगते आहे. तो मान घ्यायला, बाई, तुम्ही स्वतःच्या पायांवर दारात उभ्या असल्या पाहिजेत. गुडघ्याला रोज तेल लावा, उन्हात फिरू नका, डॉक्टर सांगतात त्या गोळ्या गुपचूप घ्या. पोरगी दोन वर्षांनी येवो की दहा वर्षांनी. तोवर तुम्ही धडधाकट राहायचे आहे. यात वाद चालणार नाही.